ओळीतला तिसरा

ताईच्या हाताला गेली एकतीस वर्षं प्लॅस्टर लागलेलं आहे. केसांत, चपलांवर, चष्म्याच्या काडीवर, डब्याच्या झाकणावरसुद्धा. संग्रहालयाच्या तळघरात तिची कार्यशाळा. तिथे ती साचे बनवते आणि साच्यांतून वस्तू ओतून काढते: हाडांच्या हुबेहूब नकला, पक्ष्यांची अंडी, मेणाचे मासे, फार जुन्या माणसांची डोकी. या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असते, त्यामुळे दुसऱ्या कुणावर सांगायची वेळ येत नाही. बोलते भरभर, चालते त्याहून भरभर. वरच्या मजल्यावरचे लोक म्हणतात, जिन्यातून आधी ताईचा आवाज येतो, मग ताई येते, आणि मग पांढरी पावलं पुसायला सफाईवाली येते.

तर अशा या ताईचा जीव एका ओळीवर होता. मोठ्या दालनात सात पुतळे एकामागे एक उभे. पहिला जवळजवळ चार पायांवर, मग प्रत्येकजण थोडा थोडा उठत गेलेला, आणि सातवा एकदम ताठ, नजर लांब कुठेतरी, जणू समोरचं सगळं त्याच्याच मालकीचं. साठ वर्षांपूर्वी ताईच्या वडिलांनी ही ओळ उभी केली होती. वडील निवृत्त झाल्यावर रंग उडाला तर रंग, बोट तुटलं तर बोट, सगळं ताईनं बघितलं. कार्यशाळेत पुतळ्यांना नावं नव्हती. पहिला, दुसरा, तिसरा, असंच बोलायचं. त्यातला तिसरा लोकांचा लाडका. मान पुढे आलेली, ओठ खाली ओढलेले, डोळे वटारलेले. त्याच्याशेजारी उभं राहून तसंच तोंड करून फोटो काढायचा, हे तर ठरलेलंच.

आता मला विचाराल तर उत्क्रांतीत खोटं काही नाही. हाडं खरी आहेत, आपण सगळे त्याच गोतावळ्यातून आलो हेही खरं. पण ओळ लावायची म्हटलं की कुणाला तरी मागे उभं करावं लागतं, आणि कुणाला करायचं हे ठरवणारा स्वतः कधी मागे उभा राहत नाही. असो. मी पुढचं सांगतो.

यंदा दालनाचं नूतनीकरण निघालं. नवे दिवे, नवे चौथरे, आणि पुढच्या बुधवारी मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन. हातात नऊ दिवस होते. चौथरे करत होता संग्रहालयाचा सुतार. त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे, कारण तो चहात साखरसुद्धा मोजून घालायचा. तर हा मिलिमीटर सोमवारी सकाळी तिसऱ्याला खांद्यावर घेऊन दारातून निघाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं माप चुकलं. तिसऱ्याचं डोकं चौकटीवर आपटलं. कानापासून हनुवटीपर्यंत तडा गेला.

"दार दोन मिलिमीटर तिरकं आहे," सुतार म्हणाला.

"दार तिरकं आहे, खांदा तिरका आहे, की तू तिरका आहेस, ते नंतर बघू," ताई म्हणाली. "ठेव त्याला टेबलावर. नवं डोकं ओतते."

बोलायला सोपं होतं. तिसऱ्याचा मूळ साचा कार्यशाळेच्या माळ्यावर एका लाकडी पेटीत होता, आणि त्या पेटीला तिच्या वडिलांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. बाकी सगळे साचे त्यांनी ताईला दाखवले, हाताळायला दिले, फोडायलाही दिले. ही पेटी मात्र नाही. ते निवृत्त झाले तेव्हाही किल्ली द्यायची राहून गेली, आणि त्यानंतर वीस वर्षांत कधी गरज पडली नाही. ताईनं पेचकसानं कुलूप काढलं आणि साचा खाली आणला. दोन तुकड्यांचा, जड, आतून लाखेचा तपकिरी लेप दिलेला. मंगळवारी सकाळी तिनं आत साबणपाणी फिरवलं, प्लॅस्टर कालवलं, ओतलं, आणि दीड तासानं साचा उघडला.

डाव्या गालावर खड्डे. बारीक, गोल. तिनं मोजले: अकरा.

काय सांगू, बाईचा चेहरा पडला. प्लॅस्टरमध्ये हवा अडकली की बुडबुडा राहतो आणि ओतलेल्या वस्तूवर खड्डा पडतो. शिकाऊ माणसाच्या कामात असे खड्डे पडतात, ताईच्या नाही. तिनं तो चेहरा फडक्याखाली झाकून ठेवला, कुणी बघू नये म्हणून. दुसरं प्लॅस्टर कालवलं, या वेळी अगदी पातळ, साच्याला बाहेरून चापट्या मारून मारून हवा काढली, आणि तोंडातून शब्द न काढता दीड तास बसून राहिली. ताई दीड तास गप्प, म्हणजे काहीतरी घडणार हे सुतारानं तेव्हाच ओळखलं.

साचा उघडला. डावा गाल. अकरा खड्डे. तेच, तिथेच.

दोन्ही चेहरे तिनं शेजारी शेजारी ठेवले आणि एकेका खड्ड्यावर बोट ठेवत गेली. भुवईखालचा तिथेच, नाकाजवळचे दोन तिथेच, जबड्यावरची जोडी तिथेच. साचेकाम करणाऱ्या कुणालाही विचारा: हवा लहरी असते. बुडबुडा दोनदा एका जागी येत नाही. अकरा बुडबुडे अकरा जागी पुन्हा येणं तर सोडूनच द्या. म्हणजे हे बुडबुडे नव्हते. हे खड्डे साच्यात होते, आणि साच्यात होते म्हणजे ज्याच्यावरून साचा घेतला त्याच्या गालावर होते.

तिनं साच्यात बोट फिरवलं. अकरा बारीक टेंगळं लागली. मग ती जुन्या, तडा गेलेल्या तिसऱ्यावर तुटून पडली. रंग खरवडला, त्याखालची लांबी, म्हणजे भेगा भरायची पुट्टी, खरवडली, आणि लांबीखाली तेच अकरा खड्डे निघाले. शिवाय नव्या चेहऱ्याचे डोळे मिटलेले होते, मान सरळ होती. जुन्याचे डोळे कुणीतरी नंतर कोरून उघडले होते, आणि मानेतून एक पाचर करवतीनं काढून डोकं पुढे झुकवलं होतं. जोड इतका सफाईदार की एकतीस वर्षांत तिला दिसला नव्हता. असा जोड करणारा माणूस तिला ठाऊक होता. त्याच्याच घरी ती राहत होती.

"अरे, हा जिवंत माणूस आहे," ती सुताराला म्हणाली. "मिलिमीटर, हा कुणीतरी होता. याच्या तोंडावर कुणीतरी ओलं प्लॅस्टर लावलं, हा डोळे मिटून बसला, आणि आपण याला माकडाच्या शेजारी उभं केलं."

तिचा पाय जमिनीवर ठरेना. घाबरली होती, चिडली होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त ती उसळली होती. सारखी टेबलाभोवती फिरत होती, चेहऱ्याकडे बघत होती आणि पुन्हा मोजत होती. एकतीस वर्षं जो पुतळा पुसला तो आज पहिल्यांदा माणूस म्हणून समोर आला होता. आणि मग तिला आठवलं, आणि ती खुर्चीत बसली. नोकरीचा पहिला महिना. तिसऱ्याच्या गालावरची लांबी सुटली होती. बाबा म्हणाले होते, बुडबुडे आहेत, भरून टाक. तिनं अकराच्या अकरा असे भरले की बाबांनी शेजारच्यांना बोलावून दाखवले. घरी जाताना ती किती खूश होती, हे तिला अजून आठवत होतं.

पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं एक कागद चिकटवलेला होता, शाई फिकट झालेली. ताईनं तो दिव्याखाली धरून वाचला. "बेटावरचा नावाडी. देवीच्या साथीतून वाचलेला. चेहरा जिवंतपणी घेतला." खाली शहाण्णव वर्षांपूर्वीचं साल, आणि ज्या मोहिमेच्या जहाजातून पेटी आली तिचा क्रमांक. म्हणजे ते देवीचे वण होते. आणि देवी त्या बेटावर आली कशी, तर जहाजांतून आली. तोच क्रमांक ताईनं आणखी एका जागी बघितला होता: वरच्या मजल्यावर, कपाटाच्या एका खणात, चिठ्ठ्या बांधलेल्या हिरव्या पक्ष्यांवर. एकूण दोनशे बारा. सोबतच्या टिपणात लिहिलं होतं की पक्षी दुर्मीळ होत चालल्यामुळे शक्य तितके मारून आणले. हे वाक्य तिनं पूर्वीही वाचलं होतं आणि पुढे गेली होती. आता तिचं डोकं तापलं.

दुपारच्या जेवणाला ती घरी गेली. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. जेवताना समोर पेपर उभा करून बसायचे.

"बाबा, तिसऱ्याची मान तुम्ही कापलीत?"

पेपर हलला नाही. "पाचर काढली. एका दमात. आज कुणाला जमेल?"

"आणि डोळे?"

"उघडले. झोपलेला पुतळा कोण बघायला येणार? तेव्हाच्या साहेबांना रागीट हवा होता. ओठही खाली घेतले लांबीनं. सांगितलं तसं केलं."

"आणि गालावरचे ते?"

"बुडबुडे होते."

"बाबा, मी दोनदा ओतला. दोन्ही वेळा अकरा. तिथेच."

आता पेपर खाली आला. त्यांनी मुलीकडे बघितलं, मग ताटाकडे. "बुडबुडेच होते ते," ते म्हणाले, ताट सरकवलं आणि हात धुवायला उठले. अर्धं जेवण तसंच राहिलं. ताईनं ते ताट उचललं. वडिलांनी तिच्याशी धडधडीत खोटं बोलण्याची ही पहिलीच वेळ नव्हती, हे तिला ताट उचलताना कळलं.

परत येऊन ती थेट साहेबांच्या खोलीत. संग्रहालयाचे हे साहेब वाईट नव्हते, पण उद्घाटनाच्या धास्तीनं त्यांचं वजन कमी झालं होतं. ताईनं दोन्ही चेहरे त्यांच्या टेबलावर, निमंत्रणपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवले आणि एका श्वासात सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. बराच वेळ ते त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होते.

"ताई, तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "पण ओळीत मधेच खड्डा ठेवून मी मंत्र्यांना काय दाखवू? उद्घाटन होऊ द्या, मग समिती नेमू."

"समिती बसेपर्यंत याचे फोटो गावभर होतील. माझ्या हातून हा तिथे उभा राहणार नाही."

"बरं, मग विचारायचं तरी कुणाला? ते लोक आता नाहीत. आपल्याच पाटीवर लिहिलंय, नामशेष."

खिडकीशी सुतार पडद्याचा रूळ मोजत होता. त्यानं मान वळवली नाही. "पाच नंबरची बस चालवणारी बाई त्या बेटावरची आहे, साहेब. माझ्या समोरच्या घरात राहते. त्यांची चाळीस-पन्नास घरं आहेत बंदराकडे."

अकरा वर्षं ताई पाच नंबरच्या बसनं कामावर येत होती.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "शुक्रवारी पाचपर्यंत त्यांच्यातलं कुणी येऊन हा आमचा आहे म्हणालं, तर तिसरा ओळीत उभा राहणार नाही. माझा शब्द. नाही आलं, तर शनिवारी डोकं चढवायचं. तुम्ही नाही चढवलंत तर दुसरं कुणी चढवेल."

बुधवारी सकाळी ताई बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली. चालत्या बसमध्ये चालकाशी बोलू नये अशी पाटी डोक्यावरच होती. ती पाटी पाळणं तिला किती जड गेलं ते तिलाच ठाऊक. संग्रहालयाचा थांबा आला, गेला, ताई उतरली नाही. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. ड्रायव्हर बाईनं थर्मास काढला. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, शांत बाई. रोज दिसायची ती फक्त आरशातल्या डोळ्यांपुरती.

"बाई, तुमचा थांबा मागे गेला," ती म्हणाली.

"मला तुमच्याशीच बोलायचंय. तुम्ही बेटावरच्या ना? म्हणजे, आमच्या संग्रहालयात लिहिलंय की तुम्ही नाही आहात."

ड्रायव्हर बाईनं चहा ओतला. "मग ही बस कोण आणतंय?"

ताईनं कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी नीट सांगितलं. चेहरा, वण, मान, आणि ते अकरा खड्डे स्वतःच्या हातानं भरले हेही. ड्रायव्हर बाईची थांब्यावरची दहा मिनिटं संपली, तिनं थर्मासला टोपण लावलं, गाडी सुरू केली.

"त्या पुतळ्यासमोर आम्हाला शाळेतून नेलं होतं," समोर बघतच ती म्हणाली. "मुलांनी त्याचं तोंड करून दाखवलं आणि माझ्याकडे बोट केलं. त्यानंतर मी आत पाऊल ठेवलं नाही." मग थोड्या वेळानं, पाटीची पर्वा न करता, "शुक्रवारी माझी दुपारी सुटी होते."

शुक्रवारी चार वाजल्यापासून ताई फाटकात उभी. साडेचार झाले. पावणेपाच झाले. साहेब दोनदा जिन्यापर्यंत येऊन गेले. सुतार घड्याळाकडे बघून मिनिटं सांगायला लागला तेव्हा ताईनं त्याला गप्प बस म्हटलं, आणि तो बसलाही. पाचला सात मिनिटं असताना ड्रायव्हर बाई रस्ता ओलांडून आली, गणवेशातच. ताईला तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, पण तळघराच्या पायऱ्या उतरताना चारदा मागे वळून बघितलं.

टेबलावर नवा चेहरा ठेवला होता. सरळ मान, मिटलेले डोळे, उघडे वण. ड्रायव्हर बाई आधी लांबूनच बघत राहिली. मग जवळ आली, वाकली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की साहेबांनी नजर दुसरीकडे केली.

"हा हसतोय," ती म्हणाली.

"काय?"

"दाबतोय हसू. हे बघा, इथे, ओठाच्या कोपऱ्यात. आमच्या घरात सगळे असेच हसतात. माझी आजी तर देवळात असं हसायची आणि मार खायची."

ताई पुढे झाली. आणि खरंच की. खड्डे मोजण्याच्या नादात तिनं तोंडाकडे बघितलंच नव्हतं, आणि ही गोष्ट तिच्याइतकी कुणाला कळणार? ओलं प्लॅस्टर चेहऱ्यावर चढलं की आवळतं, गरम होतं, गुदगुल्या होतात. नाकात नळ्या, डोळे बंद, हलायचं नाही अशी ताकीद. ताईनं आजवर चाळीसेक जणांचे चेहरे घेतले होते, आणि हसू न आलेला एकही नव्हता. म्हणजे त्या दिवशी, देवीच्या साथीतून वाचलेला हा नावाडी, अनोळखी लोकांसमोर हसू आवरत बसला होता. आणि त्याच्या त्याच ओठांवर लांबी लावून त्याला रानटी केलं होतं. ताईला एकाच वेळी हसू आणि रडू आलं, आणि तिनं दोन्ही येऊ दिलं.

"घेऊन जा त्यांना," साहेब हळूच म्हणाले. "दोन्ही चेहरे, आणि तो जुनाही. कागद मी करतो."

"मी एकटी ठरवत नाही," ड्रायव्हर बाई म्हणाली. "आमच्याकडे विचारावं लागतं." ती अंगणात जाऊन फोनवर बोलली. चांगला पाऊण तास बोलली. परत आली ती सरळ ताईकडे.

"साचा एकच आहे?"

"एकच."

"त्यातून अजून किती निघतील?"

खोटं बोलणं सोपं होतं. "शंभर," ताई म्हणाली. "जपून वापरला तर दोनशे."

"मग तो इथून सुटला कसा? आमचे मोठे म्हणतात, साचा राहिला तर तो इथेच राहिला."

साहेब घुटमळले. चेहरे हे सामान होतं, पण साचा म्हणजे ठेवा; तो मोडायला वरून परवानगी लागणार, महिने जाणार. पण कार्यशाळेची एक जुनी रीत होती. साचा झिजला, चिरला, कामाचा राहिला नाही, हे ठरवायचा अधिकार फक्त साचे करणाऱ्याचा. त्यानं निकामी म्हटलं की साचा तिथेच फोडायचा, कुणाला विचारायचं नाही. साहेबांना हे माहीत होतं. ते नुसते ताईकडे बघत राहिले.

"हा साचा निकामी आहे," ताई म्हणाली. "पण फोडायचा उद्या सकाळी. एक माणूस यायला हवा."

घरी जाऊन तिनं वडिलांना सांगितलं. ते चिडतील, साच्यासाठी भांडतील अशी तिची तयारी होती. त्यांनी फक्त वेळ विचारली. सकाळी ती उठून बघते तर बूट घालून दाराशी खुर्ची टाकून बसलेले, हातात स्वतःचा लाकडी हातोडा.

शनिवारी दहा वाजता कार्यशाळेत पाचजण होते: ताई, बाबा, साहेब, सुतार आणि ड्रायव्हर बाई. जमिनीवर जाड कापड अंथरलं होतं, त्यावर साच्याचे दोन तुकडे. बाबा वीस वर्षांनी त्या खोलीत आले होते. त्यांनी अवजारांच्या फळीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि मग ड्रायव्हर बाईसमोर जाऊन उभे राहिले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळलं होतं. कागद वाचला होता मी. चोवीस वर्षांचा होतो, नोकरी नवी होती, मोठी माणसं सांगत होती. पण कळलं होतं. मान मी कापली. ओठ मी ओढले. आणि माझ्या पोरीला बुडबुडे म्हणून सांगितलं, म्हणजे मग मलाही बुडबुडे म्हणता येईल. मला माफी मागायचीय. द्यायची की नाही ते तुमचं."

ताई हे ऐकत उभी होती. तिला राग यायला हवा होता. तिला फक्त त्यांचा हात धरावासा वाटला आणि तिनं तो धरला.

ड्रायव्हर बाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "माफीचं मी एकटी ठरवत नाही," ती म्हणाली. "पण पहिला घाव तुमचा."

पहिल्या घावानं काहीच झालं नाही. दुसऱ्यानं टवका उडाला. बाबा घामाघूम झाले. तेव्हा ड्रायव्हर बाईनं हातोड्याच्या दांड्यावर त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला, आणि तिसऱ्या घावाला साचा भुवईपासून उभा फुटला. मग ताई, मग सुतार, प्रत्येकानं घाव घातला. साहेबांनीही कोट काढून एक घातला, जरा जोरातच. खोलीभर पांढरी धूळ उडाली, सगळे खोकायला लागले, आणि कुणालातरी हसू आलं आणि ते पसरत गेलं.

ताई खाली बसून तुकडे गोळा करायला लागली आणि तिचा हात थबकला. फुटलेल्या कडेवर, लाखेच्या लेपाखाली, प्लॅस्टरमध्ये रुतलेला एक काळा, बारीक, आखूड धागा होता. तिनं भिंग घेतलं. धागा नव्हता. चेहऱ्यावरून पहिला साचा उचलताना भुवईचे केस त्यात अडकून उपटले जातात. हा त्यातलाच एक, शहाण्णव वर्षं आत तसाच राहिलेला.

"केस आहे," ती म्हणाली. "त्यांचा. भुवईचा. इथे अजून एक आहे. बाई, हे तुमचेच आहेत, खरे, तेच."

ड्रायव्हर बाई गुडघ्यांवर बसली. तिनं तो तुकडा तळहातावर घेतला आणि कितीतरी वेळ श्वाससुद्धा जपून सोडला. मग म्हणाली, "मग इथे काहीच राहता कामा नये. चूरसुद्धा नाही."

साहेबांनी कार्यशाळेचं दार आतून लावून घेतलं, वारा येऊ नये म्हणून. ताईनं रंगाचे मऊ ब्रश आणले आणि प्रत्येकाच्या हातात एक एक दिला. आणि मग पाचहीजण खाली वाकले, साहेब नव्या पॅंटीनिशी, बाबा चौऱ्याऐंशीव्या वर्षी हातापायांवर, आणि टेबलाखालून, फटींतून, एकमेकांच्या बुटांवरून प्लॅस्टरचा कण न् कण गोळा करत राहिले.